हातभर अंतरावरून शंभर इंची चित्र

पडद्यावरील चित्र मोठे हवे असेल तर चित्र फेकणारे यंत्र मागे न्यावे लागते, हा अनुभव इतका जुना आहे की तो निसर्गाचा अटळ नियमच असावा असे वाटते. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ च्या सुमारास ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने काचेवर रंगविलेली चित्रे दिव्याच्या साहाय्याने पडद्यावर दाखविण्यास आरंभ केला. त्यानंतर चारच वर्षांनी, ७ जुलै १८९६ रोजी, मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्यूमिएर बंधूंची चलच्चित्रे दाखविण्यात आली. आणि ३ मे १९१३ रोजी दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ गिरगावात लोकांपुढे आला. पुढे जत्रांतून तंबूचे सिनेमे आले, शाळांतून काचचित्रांची यंत्रे आली. या सर्व यंत्रांत दिवे निरनिराळे होते, भिंगे निरनिराळी होती; पण मांडणी एकच होती. पुढे पडदा, मागे यंत्र आणि दोहोंच्या मधल्या पोकळीतून प्रेक्षकांच्या डोक्यांवरून जाणारा प्रकाशाचा झोत. तंबूत कोणी मध्येच उठून उभा राहिला की त्याच्या टोपीची प्रचंड सावली नायकाच्या तोंडावर पडे आणि मागून शिट्ट्यांचा वर्षाव होई.

गेल्या काही वर्षांत घरगुती सिनेमासाठी जे लेसर प्रक्षेपक निघाले आहेत त्यांनी ही मांडणीच उलटी केली आहे. हे यंत्र भिंतीलगतच्या बुटक्या कपाटावर ठेवतात. त्याच्या माथ्यावरील खाचेतून प्रकाश वर उसळतो, आणि हातभर अंतरावरील भिंतीवर शंभर इंच कर्णाचे चित्र उमटते. बाजारात त्याला ‘अल्ट्रा शॉर्ट थ्रो’, म्हणजे अत्यल्प अंतरावरून चित्र टाकणारा प्रक्षेपक, असे म्हणतात. एवढ्या थोड्या अंतरात प्रकाश एवढा पसरतो कसा, आणि पसरूनही चित्र वेडेवाकडे कसे होत नाही, हा या पुस्तिकेचा विषय आहे.

दिवाणखान्याचे गणित

विवेचनासाठी एक घर डोळ्यांपुढे ठेवणे सोयीचे होईल. रायपूर हे शहर मराठी वाचकाला परके नाही. १८५४ पर्यंत तो मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. आणि १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नागपूर व रायपूर ही एकाच प्रांतातील शहरे होती. नोकरीव्यवसायाच्या निमित्ताने तेथे वसलेली मराठी कुटुंबे आजही आहेत. त्या शहरातील शंकर नगर या वस्तीत एका कुटुंबाचा चार मीटर लांब व साडेतीन मीटर रुंद असा दिवाणखाना आहे अशी कल्पना करावी. एका बाजूस गॅलरीचे मोठे दार, दुसऱ्या बाजूस स्वयंपाकघराकडे जाणारी वाट, छताच्या मध्यभागी पंखा. घरात वृद्ध आजी आहेत, त्यांना थिएटरच्या पायऱ्या चढवत नाहीत. नातवंडे आहेत, ती एका जागी बसत नाहीत. या घराला मोठा पडदा हवा आहे. त्यासाठी बराच पैसा एकदाच घालावयाचा आहे, आणि चूक झाली तर ती भिंतीवर रोज दिसणार आहे.

शंभर इंच कर्णाच्या चित्राची रुंदी, सोळास नऊ हे आजचे रूढ प्रमाण धरल्यास, सुमारे २.२१ मीटर व उंची सुमारे १.२५ मीटर येते. यंत्रापासून पडद्यापर्यंतच्या अंतरास चित्राच्या रुंदीने भागले असता जी संख्या मिळते तिला प्रक्षेप-गुणोत्तर म्हणता येईल. साध्या प्रक्षेपकात ते १.२ ते १.५ किंवा त्याहूनही अधिक असते. म्हणजे आपल्या चित्रासाठी यंत्र २.६५ ते ३.३ मीटर मागे असावयास हवे. चार मीटरांच्या खोलीत याचा अर्थ ते प्रेक्षकांच्या डोक्यावर छताला टांगणे. परंतु तेथे पंखा आहे! रायपूरच्या उन्हाळ्यात पंखा काढून टाकावा असे कोणी सुचविणार नाही. आणि पंख्याची पाती झोताच्या वाटेत आली तर चित्र क्षणाक्षणाला कापले जाईल. प्रक्षेपक टेबलावर ठेवावा तर स्वयंपाकघराकडे जाणारा प्रत्येकजण तंबूतील त्या टोपीवाल्याची भूमिका करील.

अत्यल्प अंतराच्या प्रक्षेपकाचे गुणोत्तर पाव, म्हणजे ०.२५ च्या आसपास असते. २.२१ मीटर रुंदीला ते सुमारे ५५ सेंटिमीटर होते. हे अंतर यंत्राच्या आतील आरशापासून मोजलेले आहे. यंत्राची मागची कड भिंतीपासून वीसपंचवीस सेंटिमीटरांवरच येते.

भिंगाला न जमणारे काम

प्रकाशाला इतके रुंद पसरविणे भिंगाला अवघड जाते. आपल्या उदाहरणात आरशाच्या पातळीपासून चित्राची खालची कड ३० सेंटिमीटर वर आहे असे धरू. मग वरची कड सुमारे १५५ सेंटिमीटर वर येईल. ५५ सेंटिमीटर दूर असलेल्या भिंतीवरील या दोन कडांकडे जाणारे किरण काढून पाहिले तर असे दिसते की, खालच्या कडेकडे जाणारा किरण आडव्या रेषेशी सुमारे २९ अंशांचा कोन करतो, आणि वरच्या कडेकडे जाणारा सुमारे ७० अंशांचा. हा दुसरा किरण भिंतीवर आदळतो असे म्हणण्यापेक्षा भिंतीला घासून जातो असे म्हणणेच अधिक योग्य होईल.

केवळ भिंगांनी किरण एवढे वाकवावयाचे ठरविल्यास दोन संकटे उभी राहतात. पहिले असे की, काच निळ्या प्रकाशाला तांबड्यापेक्षा अधिक वाकविते. लोलकातून इंद्रधनुष्य दिसते ते याच कारणाने. कोन लहान असला तर हा दोष अनेक भिंगे जोडून बराचसा झाकता येतो. सत्तर अंशांपाशी तो प्रत्येक अक्षराच्या कडेला रंगीत किनार लावल्यावाचून राहत नाही. दुसरे संकट आकाराचे. पुढचे भिंग थाळीएवढे करावे लागेल, आणि त्याची किंमत व वजन घरात आणण्याजोगे राहणार नाही.

आरशाला मात्र रंगांचा भेद ठाऊक नाही. परावर्तनाचा नियम तांबड्याला व निळ्याला एकच: ज्या कोनाने किरण येईल त्याच कोनाने तो परत जाईल. म्हणून या यंत्रात काम वाटून दिलेले असते. आतील भिंगांचा समूह प्रथम एक लहानसे चित्र यंत्राच्या पोटातच, हवेत, तयार करतो. नवल असे की या भिंगसमूहाचे तोंड भिंतीकडे नसून प्रेक्षकांकडे असते. त्या बाजूला, भिंतीकडे तोंड करून, एक अंतर्गोल आरसा बसविलेला असतो. हवेतील ते लहान चित्र ओलांडून पसरू लागलेले किरण आरशावर पडतात, मागे वळतात, आणि भिंगांच्या माथ्यावरून भिंतीकडे झेपावतात. प्रकाशाची वाट अशी दुमडल्यामुळे यंत्रही आटोपशीर राहते.

हा आरसा दाढीच्या आरशासारखा गोलाचा तुकडा नव्हे. गोलीय आरशाने चित्राची वरची बाजू फुगून पंख्यासारखी पसरली असती. कारण आरशापासून खालच्या कडेपर्यंतचा प्रवास सुमारे ६३ सेंटिमीटरांचा, तर वरच्या कडेपर्यंतचा सुमारे १६४ सेंटिमीटरांचा आहे, म्हणजे अडीचपटीहून अधिक. ही विषमता नाहीशी करण्यासाठी आरशाची वक्रता ठिकठिकाणी निराळी ठेवतात. हवेतील ते मधले चित्रही मुद्दामच वाकडे केलेले असते. भिंगांचा वाकडेपणा आणि आरशाचा वाकडेपणा एकमेकांस खोडून काढतात, आणि भिंतीवर सरळ आयत उरतो. अशी आकृती हाताने काढणे अशक्यच. संगणकाने असंख्य किरणांचा मार्ग काढून पाहिल्यावरच ती ठरते. जपानी कंपन्यांनी २००० नंतरच्या दशकात कचेऱ्या व वर्गखोल्या यांसाठी असे प्रक्षेपक प्रथम बाजारात आणले. घरगुती सिनेमाकडे ही रचना वळली ती मुख्यतः २०१४ नंतर.

येथे एक शंका वाचकांच्या मनात येईल. वरचा भाग इतका दूर आणि किरण इतके तिरपे, तर चित्र वर अंधूक व खाली भगभगीत का दिसत नाही? चित्राचा प्रत्येक कण भिंतीवर सारख्याच आकाराचा पडेल अशी योजना आरशाने केलेली असते. प्रत्येक कणाच्या वाट्याला आलेला प्रकाश जवळजवळ सारखा आणि तो पसरतो ते क्षेत्रफळही सारखे. तेव्हा उजेडही सारखाच राहतो. थोडाफार फरक उरतो, पण डोळा त्याची दखल घेत नाही.

एका मिलिमीटरची किंमत

तिरप्या किरणांची खरी किंमत दुसरीकडे मोजावी लागते. भिंतीचे प्लॅस्टर वरच्या भागात एका मिलिमीटरने फुगलेले असेल, तर तेथे ७० अंशांनी येणारा किरण आपल्या जागेपासून सुमारे २.८ मिलिमीटर सरकतो. खालच्या कडेला हीच चूक अर्ध्या मिलिमीटरइतकी होते. आता ३८४० कण रुंदीत मावणाऱ्या आपल्या चित्रात एकेक कण सुमारे ०.५८ मिलिमीटरचा आहे. म्हणजे हाताला न जाणवणारा फुगवटा वर पाच कणांचा घोळ करतो. पाट्यांवरील अक्षरे लाटेवर तरंगल्यासारखी दिसू लागतात. गवंड्याने ओळंब्याने साधलेली भिंत राहण्यास उत्तम असली तरी या कामास पुरेशी नसते. म्हणूनच या यंत्राबरोबर चौकटीवर ताणलेला कडक पडदा घ्यावा लागतो. गुंडाळीचा सैल पडदा पंख्याच्या वाऱ्याने हलला तरी चित्र डोलते.

यंत्र हलले तरी तोच प्रकार. ते भिंतीपासून एक मिलिमीटर दूर सरकविले की चित्र चार मिलिमीटरांनी रुंदावते. कपाट झाडताना मोलकरणीचा धक्का लागला तर संध्याकाळी चित्राची चौकट पडद्याबाहेर गेलेली आढळेल. यंत्रातील संगणक चित्राचे कोपरे ओढून ते पुन्हा चौकटीत बसवू शकतो, आणि विक्रेते या सोयीची फार स्तुती करतात. परंतु अशा ओढाताणीत काही कण वाया जातात व बारीक रेघा पुसट होतात. यंत्र हाताने सरळ बसवून पायांचे स्क्रू फिरवून समपातळीत आणणे, हाच उत्तम मार्ग होय. त्यास अर्धा तास लागला तरी हरकत नाही.

कपाटाच्या उंचीकडेही फारसे कोणी लक्ष देत नाही. ४५ सेंटिमीटर उंचीच्या कपाटावर यंत्र ठेवले तर आरशाची पातळी सुमारे ५५ ते ६० सेंटिमीटर होते आणि चित्र जमिनीपासून ८५ सेंटिमीटरांच्या वर सुरू होते. घरात बैठकीवर बसण्याची चाल असेल तर दोन तास मान वर करून पाहावे लागेल. कपाट जितके बुटके तितके बरे.

वीस लाख आरसे आणि तीन रंग

आतापर्यंत ज्याला ‘लहानसे चित्र’ म्हटले ते मुळात तयार होते कोठे? अमेरिकेतील टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीत लॅरी हॉर्नबेक यांनी १९८७ मध्ये एक चमत्कारिक चकती सिद्ध केली. नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यावर ॲल्युमिनियमचे अतिसूक्ष्म आरसे, आणि प्रत्येक आरसा विजेच्या इशाऱ्यावर एका बाजूस वा दुसऱ्या बाजूस कलणारा. एका बाजूस कलला की त्यावरील प्रकाश भिंगात शिरतो, दुसऱ्या बाजूस कलला की तो बाजूच्या काळ्या भागात जाऊन नाहीसा होतो. अधलीमधली अवस्था नाही. मग राखी छटा कशी मिळते? आरसा सेकंदात हजारो वेळा कलंडत असतो. जेवढा अधिक वेळ तो भिंगाकडे झुकून राहील तेवढा तो कण उजळ दिसतो. सरासरी काढण्याचे काम प्रेक्षकाचा डोळाच करतो.

घरगुती यंत्रांत पुष्कळदा जी चकती वापरतात तिच्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० आरसे असतात. त्यांपासून ८२ लाख ९४ हजार ४०० कणांचे चित्र काढण्यासाठी एक युक्ती योजतात: प्रकाशाच्या वाटेत एक काच ठेवून ती किंचित तिरपी करीत राहतात, त्यामुळे संपूर्ण चित्र अर्ध्या कणाने चार दिशांना क्रमाने सरकते. एकच गवंडी चार ठिकाणी विटा ठेवून येतो तसा हा प्रकार. हे सरकणे इतक्या वेगाने घडते की चारही चित्रे एकच वाटतात.

राहिला दिवा. जुन्या प्रक्षेपकांत पाऱ्याच्या वाफेचा, अतिशय दाबाखाली जळणारा दिवा असे. दोन ते पाच हजार तासांत तो बदलावा लागे. आणि त्याचा प्रकाश सर्व दिशांना पसरत असल्याने त्यातील बराचसा त्या नखाएवढ्या चकतीपर्यंत पोहोचतच नसे. लेसरचे वैशिष्ट्य नेमके येथे उपयोगी पडते. उद्दीपित अणूंकडून एकाच तालात प्रकाश बाहेर पाडता येईल ही कल्पना आइन्स्टाइन यांनी १९१७ मध्ये मांडली. १९६० मध्ये थिओडोर मेमन यांनी माणकाच्या कांडीतून पहिला लेसर मिळविला. लेसरचा प्रकाश बिंदुमात्र जागेतून निघतो आणि अरुंद शलाकेच्या रूपाने जातो. त्यामुळे तो लहानशा चकतीवर जवळजवळ सांडल्यावाचून ओतता येतो. प्रक्षेपकास लागणारा निळा अर्धवाहक लेसर मात्र १९९० च्या दशकात जपानमध्ये शुजी नाकामुरा यांच्या प्रयत्नाने शक्य झाला. ज्या गॅलियम नायट्राइडवर तो आधारलेला आहे, त्याच पदार्थाच्या निळ्या दिव्यांसाठी अकासाकी, अमानो व नाकामुरा यांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

स्वस्त यंत्रांत एकट्या निळ्या लेसरनेच भागवितात. त्याची शलाका एका फिरत्या चक्रावरील प्रस्फुरकावर पाडतात. तो पदार्थ निळा प्रकाश गिळून पिवळा प्रकाश देतो, आणि त्यातून हिरवा व तांबडा गाळून घेतात. चक्र फिरते ठेवावयाचे कारण हे की, एकाच जागी शलाका पडत राहिली तर ती जागा जळून जाईल. महाग यंत्रांत सुमारे ६४० नॅनोमीटरचा तांबडा, ५२५ चा हिरवा व ४५० ते ४६५ चा निळा असे तीन स्वतंत्र लेसर असतात. त्यांचे रंग इतके शुद्ध असतात की पैठणीचा मोरपिशी किंवा शेंदराचा तांबडा पडद्यावर फिका पडत नाही.

परंतु या शुद्धतेलाही दोष चिकटलेला आहे. पडद्याच्या खरबरीत पृष्ठभागावरील शेजारशेजारच्या बिंदूंपासून परत येणाऱ्या लेसर-लहरी एकाच तालात असल्याने कोठे एकमेकींस वाढवितात, कोठे मारतात. त्यामुळे पांढऱ्या आकाशावर रवाळ चमचम दिसते, आणि डोके हलविले की तीही हलते. ती कमी करण्यासाठी यंत्रात दुधी काचेची फिरती चकती बसवितात व किंचित निरनिराळ्या तरंगलांबीचे अनेक लेसर एकत्र करतात. शिवाय एकाच चकतीवर तीनही रंग पाळीपाळीने दाखविले जात असल्याने काही प्रेक्षकांना डोळे झटकन फिरविताना उजळ वस्तूंभोवती इंद्रधनुष्याची झलक दिसते. ती सर्वांना दिसत नाही. तेव्हा खरेदीपूर्वी घरातील प्रत्येकाने, आजींनीसुद्धा, एकदा चित्र पाहून घेणे शहाणपणाचे ठरेल.

उजेडाशी सामना

शंकर नगरातील त्या दिवाणखान्यात गॅलरीचे दार आहे, आणि दुपारी पडदे ओढले तरी भिंतीवर, समजा, २०० लक्स उजेड पडतो. येथे थोडे गणित केल्यावाचून गत्यंतर नाही. प्रक्षेपक २५०० ल्यूमेनचा आहे असे धरू. चित्राचे क्षेत्रफळ २.७५ चौरस मीटर. म्हणजे पडद्यावर सुमारे ९०९ लक्स पडतील. साध्या पांढऱ्या भिंतीवरून त्याचे सुमारे २८९ कँडेला प्रति चौरस मीटर इतके तेज मिळेल. पण खोलीतील २०० लक्सही त्याच भिंतीवर आहेत, व त्यांपासून ६४ एककांचे तेज सर्वत्र पसरलेले आहे. प्रक्षेपक काळा रंग ‘टाकू’ शकत नाही. काळे म्हणजे केवळ प्रकाश न टाकणे. तेव्हा चित्रातील काळी रात्र ६४ एककांची राखाडी, आणि पांढरे ३५३ चे. दोहोंचे प्रमाण अवघे साडेपाच पट. सिनेमातील अर्धे प्रसंग अशा दुपारी ओळखूही येणार नाहीत.

यावरील उपाय यंत्रात नसून पडद्यात आहे. या प्रक्षेपकाचा प्रकाश खालून येतो, तर खोलीतील उजेड बहुतांशी वरून, छताच्या दिव्यांपासून व उजळलेल्या छतापासून येतो. हा भेद ओळखून पडद्याच्या पृष्ठभागावर करवतीच्या दात्यांसारख्या अतिसूक्ष्म आडव्या पन्हाळ्या पाडतात. दात्याची खालची बाजू परावर्तक असते. ती यंत्राचा प्रकाश प्रेक्षकांकडे वळविते. वरची बाजू काळी असते. ती छताचा उजेड गिळून टाकते. असा पडदा यंत्राचाही काही प्रकाश खातो; आपल्या उदाहरणात पांढरे तेज २८९ वरून १७४ वर येईल असे धरू. पण वरच्या उजेडापैकी नऊ दशांश त्याने नाहीसा केला, तर काळ्याचे तेज साडेसहाच्या आसपास उतरते व प्रमाण सुमारे अठ्ठावीस पट होते. चित्र अंधूक झाले आणि तरीही अधिक स्पष्ट दिसू लागले! समोरच्या खिडकीतून आडव्या येणाऱ्या उजेडापुढे मात्र या पडद्याचे फारसे चालत नाही. तेथे जाड कापडी पडदाच हवा.

याच आकाराचा दूरदर्शनसंच का घेऊ नये, असे कोणी विचारील. उजेडाच्या खोलीत त्याचे चित्र अधिक तेजस्वी दिसते यात शंका नाही. पण सव्वादोन मीटर रुंदीची, पन्नास किलोंहून जड अशी ती एकसंध काच लिफ्टमध्ये मावत नाही, आणि जिन्याच्या वळणावर ती वळविणे हा स्वतंत्र पराक्रम आहे. पडद्याची चौकट तुकड्यांनी वर नेऊन खोलीत जोडता येते. तळमजल्यावरील घराला हा मुद्दा लागू नाही; तेथे निवड खरोखरच उघडी राहते.

रायपूरसारख्या शहरात आणखी दोन गोष्टींकडे पाहिले पाहिजे. मे महिन्यात तेथील तापमान ४२ ते ४५ अंश सेल्सिअसपर्यंत चढते. लेसर, विशेषतः तांबडा, उष्णतेने मंदावतो, आणि घरगुती यंत्रे साधारणतः ३५ ते ४० अंशांपर्यंतच चालविण्यासाठी केलेली असतात. तेव्हा भर दुपारी खोली थंड केल्यावाचून ते सुरू करू नये, आणि त्याच्या बाजूच्या जाळ्या कपाटाच्या फळीने कोंडू नयेत. दुसरी गोष्ट धूळ. उरला व सिलतरा येथील स्पंज-आयर्नच्या कारखान्यांमुळे त्या शहराला काळ्या धुळीचा त्रास परिचित आहे. यंत्राच्या माथ्यावरील काच आकाशाकडे तोंड करून असते. तिच्यावर बसलेला प्रत्येक कण प्रकाश विखरतो आणि काळ्या प्रसंगांवर धुके आणतो. काम संपल्यावर यंत्रावर कापड झाकावे. पुसताना मऊ, कोरडे कापड घ्यावे. यंत्र नीट थंड होण्यापूर्वी झाकण घालू नये, हे सांगावयास नकोच.

लेसरचे आयुष्य, प्रकाश निम्म्यावर येईपर्यंत, वीस हजार तासांच्या आसपास सांगतात. रोज तीन तास धरले तर ही अठरा वर्षे होतात. त्याआधी आतील पंखा किंवा विजेचे मंडल बिघडण्याचाच संभव अधिक.

मुलांच्या बाबतीत एक सूचना मात्र कठोरपणे पाळली पाहिजे. चित्र उजळलेले असताना खाचेत वाकून पाहू नये. पडद्यावर पावणेतीन चौरस मीटरांत विखुरलेला सगळा प्रकाश तेथे तळहाताएवढ्या जागेतून बाहेर पडत असतो. बहुतेक यंत्रांत कोणी जवळ आले की प्रकाश आपोआप मंद करणारी योजना असते. परंतु चार वर्षांच्या मुलाची उंची आणि कपाटाची उंची यांचा मेळ असा आहे की त्याचे डोके सहज त्या खाचेवर येते. कपाटासमोर बुटके आसन किंवा खेळण्याची पेटी ठेवू नये, म्हणजे चढण्याचा मोह होणार नाही.

पडदा बसविताना कारागिराने त्यावरील वरची व खालची बाजू दाखविणारी खूण पाहिली पाहिजे. दिसावयास दोन्ही बाजू सारख्याच असतात. तो उलटा टांगला गेला तर दात्यांच्या काळ्या बाजू यंत्राकडे येतात, चित्र मलूल पडते, छताचा दिवा मात्र लख्ख उमटतो; आणि घरातील मंडळी प्रक्षेपकच सदोष निघाला असे समजून तो दुकानात परत नेतात.